आंब्याचा मोहर आणि भुरीची बुरशी

नाताळच्या आगेमागे आपल्या भागातील आंब्यांना मोहर फुटू लागतो, आणि उपवासकाल सुरू होईपर्यंत काही घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मोहर भरपूर आला होता. बघता बघता पांढरा पडला, वाळला आणि गळून गेला. कोणी म्हणतो धुक्याने जळाला, कोणी म्हणतो कोणाची तरी दृष्ट लागली. दृष्ट लागत नाही, हे सांगायला फार शब्द नकोत. धुक्याच्या म्हणण्यात मात्र थोडे सत्य आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून इलाज करता येत नाही. म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या या पानावर आम्ही दोन जीवांची तुलना मांडत आहोत. एक आंब्याचे झाड, ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो; आणि दुसरी त्याच्या मोहरावर जगणारी भुरीची बुरशी, जिला आपण पाहतो पण ओळखत नाही.

या बुरशीला शास्त्रज्ञ ओइडियम मँजिफेरी म्हणतात. १९१४ साली ब्राझीलमधील आंब्यावरून तिचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. आज आंबा जेथे जेथे पिकतो, त्यातील बहुतेक ठिकाणी ती आढळते.

एक कमावणारा, एक आयते खाणारी

झाड आणि बुरशी दोन्ही सजीव आहेत. दोन्ही श्वास घेतात, वाढतात, आपला वंश चालवतात. फरक आहे तो पोट भरण्याच्या रीतीत. आंब्याच्या पानात हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाश, हवेतील कार्बन वायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून पान साखर तयार करते. झाडाचे लाकूड, साल, मोहर, फळ हे सारे या साखरेवर उभे राहते. झाड कोणाच्या ताटातले घेत नाही. उलट मुंगीपासून माणसापर्यंत अनेकांना वाढते.

बुरशीत हरितद्रव्य नसते. ऊन कितीही पडले तरी तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ते तिला दुसऱ्याकडून घ्यावे लागते. काही बुरश्या मेलेल्या लाकडावर, शेणावर, पाल्यावर जगतात आणि त्याची माती करतात. काही जिवंत वनस्पतीवर जगतात. भुरी ही दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि तिला फक्त जिवंत पेशीच चालते.

पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत बुरशीची गणना वनस्पतींतच होत असे. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सजीवांची पाच राज्ये मांडली आणि बुरशींना वेगळे राज्य दिले. त्यानंतर आनुवंशिकतेच्या अभ्यासातून असे दिसले की बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची आहे. झाडाच्या पेशीची भिंत ज्या द्रव्याची असते, तेच कापसाच्या धाग्यात असते. बुरशीच्या पेशीची भिंत मात्र कायटिनची असते, आणि खेकड्याच्या व कोळंबीच्या कवचातही कायटिनच असते. झाड आपला साठा पिष्टाच्या रूपात ठेवते. बुरशी तो ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, जसा आपल्या यकृतात असतो. मोहरावरची पांढरी भुकटी म्हणजे "छोटे झाडझुडूप" नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

मूळ आणि शोषक

झाड मुळांनी जमिनीला धरून असते. बुरशीची जमीन म्हणजे मोहराची कोवळी कातडी. वाऱ्याने आलेला बीजाणू, जो मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढा असतो, मोहराच्या दांड्यावर किंवा कळीवर पडतो. त्याला अंकुर फुटतो आणि धाग्यासारखे तंतू पृष्ठभागावर पसरू लागतात. हे तंतू आत खोल शिरत नाहीत. ते वरच्या थरातील पेशींत बारीक शोषक खुपसतात आणि त्यातून रस ओढतात. पेशी लगेच मारून टाकणे बुरशीच्या हिताचे नसते. गाय जिवंत असेल तोवरच दूध मिळते. पण इतके शोषक एकाच वेळी लागले की कळी उमलत नाही, उमललेले फूल फळ धरत नाही, आणि धरलेले फळ वाटाण्याएवढे किंवा गोटीएवढे होऊन गळते.

भुरी प्रामुख्याने बाहेर, पृष्ठभागावर राहते, ही गोष्ट शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. जे बाहेर आहे तिथपर्यंत साधे औषध पोचते.

वर्षाचे घड्याळ आणि आठवड्याचे घड्याळ

आता या तुलनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झाडाचे घड्याळ वर्षाचे आहे. पावसाळ्यानंतर काडी पक्व होते, थंडी पडते, मोहर येतो. एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारो फुले असतात. त्यातली बरीच नुसती नर असतात, थोडी उभयलिंगी असतात, आणि फळ फक्त उभयलिंगी फुलाला धरते. माश्या व इतर कीटक परागकण इकडून तिकडे नेतात. अखेर शंभर फुलांमागे एकसुद्धा आंबा उतरत नाही. मोहरापासून फळ पक्व होईपर्यंत सुमारे चार महिने जातात. आणि हा मोहर हातचा गेला, तर बहुधा पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते.

बुरशीचे घड्याळ आठवड्याचे आहे. बीजाणू रुजल्यापासून साधारण आठवड्याभरात त्याच डागावर नव्या बीजाणूंच्या माळा तयार होतात आणि वाऱ्याबरोबर निघतात. समजा, एका बीजाणूपासून दर आठवड्याला केवळ दहाच नवे बीजाणू योग्य जागी पडून रुजले. तरीही पाच आठवड्यांत एकाचे एक लाख होतात. प्रत्यक्षात एका डागावरून सुटणारे बीजाणू दहांपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणून आज एका तुऱ्यावर दिसलेला रुपयाएवढा पांढरा ठिपका पंधरा दिवसांनी अख्ख्या झाडावर पसरलेला दिसतो, आणि शेतकऱ्याला वाटते की सारे एका रात्रीत झाले.

धुक्याचे अर्धे सत्य येथेच आहे. पुष्कळ बुरश्यांना रुजायला पानावर पाणी साचावे लागते. भुरीला तसे लागत नाही. हवेतील दमटपणा तिला पुरतो. थंड रात्र, दमट सकाळ, मधूनमधून ढगाळ आभाळ आणि दिवसा बेताची ऊब हे तिचे आवडते हवामान. जोराचा पाऊस झाला तर बीजाणू उलट धुऊन जातात. धुके मोहर जाळत नाही. धुक्याच्या दिवसांत जाळणाऱ्याला बळ मिळते. तेव्हा धुके पडू लागले की हळहळत बसण्यापेक्षा बागेत जाऊन पाहणे बरे.

न बदलणारे झाड

दुसराही एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. रायवळ आंब्याची कोय लावली तर येणारे झाड सहसा आईसारखे नसते. म्हणूनच चांगल्या जाती टिकवायला कलम करावे लागते. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यातील पोर्तुगीजांनी, आणि त्यांत विशेषतः जेझुईट धर्मसंघीयांनी, आंब्यावर कलम करण्याची कला रुजवली असे इतिहासकार सांगतात. हापूस, मानकुराद, मुसराद या जाती त्या परंपरेतून आपल्या अंगणात आल्या. ख्रिस्तसभेच्या सेवकांनी या भूमीला दिलेली ही एक गोड देणगी आहे.

पण कलमाचा अर्थ असा की आजचे हापूसचे झाड म्हणजे त्या जुन्या हापूसचीच फांदी होय. पिढी बदललेली नाही. बुरशी मात्र दर आठवड्याला नवी पिढी काढते, आणि कोट्यवधी बीजाणूंत एखादा थोडा वेगळा निघतो. आपण एकच औषध पुन्हा पुन्हा मारत राहिलो, तर त्या औषधाला न जुमानणारे बीजाणू तेवढे उरतात आणि पुढे त्यांचाच वंश वाढतो. "गेल्या साली हे औषध चालले, यंदा चालत नाही" असे जे ऐकू येते, त्यामागचे एक कारण हे असते. झाड स्वतःला बदलू शकत नाही. म्हणून बदल माळ्याने करायचा : वेळ साधण्यात, औषध आलटूनपालटून वापरण्यात, बागेची हवा मोकळी ठेवण्यात.

आधी रोग ओळखावा

मोहर खराब झाला की सरसकट भुरी म्हणू नये. तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

१. भुरी : तुऱ्याच्या दांड्यावर, कळ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी. बोटाने पुसली जाते. कोवळ्या पानांच्या मागच्या बाजूलाही दिसते आणि पान वाकडे होते.

२. करपा : मोहरावर व पानांवर काळपट तपकिरी ठिपके, पांढरी भुकटी नसते. ही वेगळी बुरशी असून तिला ओलावा, दव, अवकाळी पाऊस हवा असतो. भुरीवरील गंधक करप्याला आवरत नाही.

३. तुडतुडे : ही बुरशी नव्हे, कीड आहे. झाडाखाली गेले की टपटप आवाज करीत उडते. तिने टाकलेला चिकट गोड रस पानांवर पडतो. यालाच आपल्याकडे खार पडला म्हणतात. त्या रसावर काळी काजळीसारखी बुरशी वाढते. ती झाडात शोषक खुपसत नाही, नुसता रस खाते. तेथे तुडतुड्यांचा बंदोबस्त केला की काजळी आपोआप थांबते.

रोग एक आणि औषध दुसरे, असे झाले तर पैसाही जातो आणि आठवडाही. आठवडा म्हणजे बुरशीची एक पिढी, हे विसरू नये.

इलाज काय करावा

सर्वांत जुना व स्वस्त इलाज गंधकाचा आहे. १८४५ साली इंग्लंडमध्ये टकर नावाच्या एका माळ्याला द्राक्षवेलीवर अशीच पांढरी भुरी दिसली. रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली या अँग्लिकन धर्मोपदेशकांनी, जे बुरशीचे मोठे अभ्यासक होते, तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८५० नंतरच्या काही वर्षांत या रोगाने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड होऊ लागले, आणि गंधकाच्या भुकटीनेच ते सावरले. आंब्याची भुरी त्याच कुळातली आहे आणि तिलाही गंधक चालते. गंधक बुरशीच्या पेशीत एकाच नव्हे, अनेक ठिकाणी आघात करते. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे वापरूनही ते बोथट झालेले नाही.

(१) बाजारात पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक मिळते. एक लिटर पाण्यास २ ग्रॅम या प्रमाणात घ्यावे. म्हणजे १५ लिटरच्या पंपास ३० ग्रॅम. डोळ्यांच्या अंदाजाने टाकू नये, मोजून टाकावे.

(२) पहिली फवारणी मोहर चार बोटे बाहेर आल्यावर, फुले उमलण्यापूर्वी करावी. दुसरी, रोग दिसत असल्यास, बारा-पंधरा दिवसांनी. तिसरी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, गरज असेल तरच.

(३) फुले ऐन भरात उमललेली असताना शक्यतो फवारू नये. परागकण वाहणाऱ्या माश्या त्या वेळी कामावर असतात. मोहर वाचवण्यासाठी माश्याच मारल्या, तर वाचलेल्या मोहराला फळ कोण धरवणार?

(४) भर उन्हात, तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नये, मोहर भाजतो. सकाळी वारा शांत असताना मारावे. निंबोळी तेलासारखी तेलकट औषधे गंधकात मिसळू नयेत. दोहोंत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असावे.

(५) रोग गंधकाने आवरला नाही तरच हेक्झाकोनॅझोलसारखे झाडात भिनणारे औषध कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने घ्यावे. तेच औषध लागोपाठ दुसऱ्यांदा मारू नये.

(६) आंबे उतरल्यावर दाट, वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या छाटाव्यात. गुच्छासारखे विकृत झालेले जुने तुरे काढून पुरावेत किंवा जाळावेत. बुरशी पुढच्या मोहरापर्यंत अशा ठिकाणी दबा धरून राहते. नत्र खताचा मारा करू नये, कारण त्याने कोवळी पालवी वाढते आणि कोवळी पालवी भुरीला आवडते.

(७) बीजाणू कुंपण मानीत नाहीत. एकाने फवारले आणि शेजाऱ्याने सोडले, तर दोघांचे नुकसान. वाड्यावाड्यांतून मिळून एकाच आठवड्यात काम केले, आणि ज्यांच्या घरी माणूसबळ नाही अशा विधवा व वृद्ध यांच्या दोन-चार झाडांवरही पंप फिरवला, तर ते धर्माचेही काम होईल आणि शेतीचेही.

आरोग्याच्या दोन गोष्टी

आंब्याची भुरी माणसाला लागत नाही. पण बुरशी वनस्पतींपेक्षा आपल्या जवळची आहे असे जे वर म्हटले, त्याला आरोग्याच्या दृष्टीने अर्थ आहे. बुरशीला मारील पण माणसाला अपाय करणार नाही, असे औषध शोधणे कठीण असते. त्यामुळे नायटा व इतर बुरशीजन्य रोगांवर डॉक्टरांच्या हातात असलेली औषधे मोजकीच आहेत. त्यांतील एका महत्त्वाच्या गटाची आणि शेतातील हेक्झाकोनॅझोलच्या गटाची घडण सारखीच आहे. जमिनीत व कुजणाऱ्या पाल्यात वाढणारी अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी अशक्त माणसाच्या फुप्फुसात शिरते. शेतातील या औषधांशी सततचा संबंध आल्याने तिचे काही वाण डॉक्टरांच्या औषधालाही दाद देईनासे झाले आहेत, असे अनेक देशांत आढळले आहे. म्हणून भारी औषध कारणाशिवाय न वापरणे हे केवळ खिशाचे शहाणपण नव्हे. त्यात शेजाऱ्याच्या जिवाचाही विचार आहे.

दुसरी गोष्ट फवारणाऱ्याची. गंधक तुलनेने सौम्य असले तरी डोळे, घसा व कातडी यांची आग करते. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर फडके, डोळ्यांवर चष्मा असावा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. काम चालू असता विडी-तंबाखू नको. नंतर साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नये. औषध पोटात गेल्यास मनाने उलटी करवू नये. डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. ज्यांनी झाडे व्यापाऱ्याला मक्त्याने दिली आहेत, त्यांनी तो काय फवारतो हे विचारून घ्यावे. आंबे त्याचे असतील, पण झाडाखाली खेळणारी मुले आपली आहेत.

सर्व बुरश्या शत्रू नव्हेत

हे वाचून कोणी बुरशीमात्राचा द्वेष करू नये. आंब्याच्या मुळांवर राहणारी एक मित्रबुरशी जमिनीतील स्फुरद झाडाला मिळवून देते आणि बदल्यात थोडी साखर घेते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते बुरशीतच. मिस्साबलिदानासाठी आपण वेदीवर जो द्राक्षारस अर्पण करतो, तोही यीस्ट नावाच्या बुरशीच्या आंबवण्यातूनच तयार होतो. निर्मात्याने प्रत्येकाला जागा नेमून दिली आहे. आपल्याला काम नेमून दिले आहे ते राखणदारीचे.

पवित्र शास्त्रात शलमोन राजाने मंदिराच्या अर्पणाच्या वेळी जी प्रार्थना केली, तीत दुष्काळ व टोळ यांच्याबरोबर पिकावरील रोगांचाही उल्लेख आहे (१ राजे, अध्याय ८). पिकासाठी प्रार्थना करणे शेतकऱ्याला शोभते. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला आठवावा. त्या माळ्याने मालकाकडे आणखी एक वर्ष मागितले, पण नुसते मागितले नाही. झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे वचनही दिले. विनंती आणि कुदळ त्याने एकत्र ठेवली.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. आगमनकालाच्या पहिल्या रविवारापासून राखेच्या बुधवारापर्यंत, दर रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर बागेत एक फेरी मारावी. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंचे दोन-दोन तुरे हातात धरून, उलटून पाहावेत. मुलांना बरोबर न्यावे; त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. बुरशी आठवड्याच्या घड्याळावर चालते, आणि ख्रिस्ती माणसाच्या आठवड्याला तर रविवार ठरलेलाच आहे. तेवढी एक फेरी चुकली नाही, तर पांढरा ठिपका रुपयाएवढा असतानाच सापडेल आणि ३० ग्रॅम गंधकात काम भागेल.